तंबोरा, माइक आणि मैफल
(संगीत शिक्षक व ग्रामीण कलावंत यांच्यासमोर दिलेले व्याख्यान)

हुबळी-धारवाड परिसराने हिंदुस्थानी संगीताला जे थोर गायक दिले, त्यांच्या गळ्याची घडण ध्वनिवर्धक गावोगावी पोहोचण्यापूर्वीच्या तालमीत झाली. हुबळीजवळील कुंदगोळ येथे सवाई गंधर्व (रामभाऊ कुंदगोळकर, १८८६-१९५२) विद्यादान करीत. गंगूबाई हनगल हुबळीहून आगगाडीने तेथे शिकावयास जात. भीमसेन जोशी गुरुगृही राहून शिकले. सवाई गंधर्वांनी मराठी संगीत रंगभूमीही गाजविली. माइक नसलेल्या त्या काळच्या नाट्यगृहात पिटातील शेवटच्या प्रेक्षकापर्यंत पद पोहोचविणे हे सर्वस्वी गायकाच्या छातीवर अवलंबून असे.

पुढे ध्वनिमुद्रिका आल्या आणि १९५० मध्ये धारवाडला आकाशवाणी केंद्र सुरू झाले. माइकसमोर किती अंतरावर बसावे, तान घेताना मान किती वळवावी, ही नवी शिस्त गायकांना अंगी बाणवावी लागली. आज तर खेड्यातील शाळेच्या स्नेहसंमेलनातही विद्युत तंबोरा, चार-पाच माइक, मिक्सर आणि कर्णे असतात. गाणे दहा-दहा वर्षे शिकविले जाते. या उपकरणांविषयी मात्र दहा मिनिटेही कोणी सांगत नाही. परिणामी ऐन मैफलीत गायकाचे भवितव्य मंडपवाल्याच्या पोऱ्याच्या हाती जाते. हे शिक्षण तालमीचाच भाग मानले पाहिजे.

प्रथम तंबोऱ्याचा विचार करू. बंगळूरचे अभियंते व बासरीवादक जी. राज नारायण यांनी १९७९ मध्ये इलेक्ट्रॉनिक तंबोरा सिद्ध केला आणि एकट्याने रियाज करणाऱ्यांची मोठी सोय झाली. परंतु या पेटीची कळ फिरवून पट्टी लावली म्हणजे स्वर लागला, असे समजणे घातक आहे. खऱ्या तंबोऱ्यात घोडीवरील तारेखाली सुताचा धागा सरकवून जवारी काढावी लागते. जवारी नेमकी लागली की खर्जाच्या तारेतून गांधार आपोआप उमटतो. तो गांधार ज्या कानाने ओळखला, तोच कान पेटीचा पंचम किंचित उतरला आहे हे सांगू शकतो. म्हणून विद्यार्थ्याने आधी मिरजेच्या कारागिरांनी घडविलेला तंबोरा जुळवावयास शिकावे, मग पेटी घ्यावी. (मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे.) मैफलीत पेटीच्या लहानशा कर्ण्यापुढे माइक ठेवण्याची पद्धतही सदोष आहे. तेवढ्याशा कर्ण्यातून खर्ज निघतच नाही. पेटीला सोय असल्यास ती तारेने थेट मिक्सरला जोडावी.

आता माइक. गायक तोंडापासून वीतभर अंतरावरून दोन वितींच्या अंतरावर मागे सरकला की माइकवर थेट पोहोचणाऱ्या ध्वनीची तीव्रता जवळजवळ चतुर्थांश होते. मग यंत्रचालक आवाज वाढवितो, कर्ण्यातील ध्वनी पुन्हा माइकमध्ये शिरतो, तोच पुन्हा कर्ण्यातून येतो आणि सभागृहात शिट्टी घुमू लागते. अशा वेळी यंत्रचालकावर डोळे वटारण्यात अर्थ नाही. कर्णे माइकच्या पुढे, श्रोत्यांकडे तोंड करून असावेत. जो माइक वापरात नाही तो बंद असावा. आणि गायकाने अंतर राखावे. उलट फार जवळ गेल्यासही गायनासाठीच्या बहुतेक माइकमध्ये खालचे स्वर अवाजवी फुगतात. खर्जाचा रियाज नसलेल्या गायकाला हा फुगवटा सुखावतो, पण त्यात शब्द बुडतात.

गायकाला स्वतःचा आवाज ऐकू यावा म्हणून समोर ठेवावयाचा मॉनिटर हा सर्वांत दुर्लक्षित विषय होय. हे माइक बहुधा पाठीमागून येणारा ध्वनी कमी घेतात, म्हणून मॉनिटर माइकच्या पाठीशी, गायकाकडे तोंड करून ठेवावा. त्यातून तंबोरा अधिक आणि स्वतःचा आवाज थोडा कमी मागावा. आपलाच आवाज मोठा ऐकणारा गायक हळूहळू स्वर सोडतो. जत्रेत दूर खांबावर टांगलेल्या कर्ण्याकडे तर लक्षच देऊ नये. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. चौतीस मीटरवरील कर्ण्यातून सम एक दशांश सेकंद उशिरा येते. द्रुत लयीत तबलजीला चकविण्यास तेवढे पुरेसे आहे.

विजेच्या जोडणीतील दोषाने, विशेषतः अर्थिंग सदोष असल्यास, एक घुमारा ऐकू येतो. आपल्याकडील वीज सेकंदाला ५० आवर्तनांची असल्याने हा घुमारा ५० आणि १०० कंपनांचा असतो. काळी एकमध्ये गाणाऱ्याचा मध्य षड्ज सुमारे १३९ कंपनांचा. त्याच्या मंद्र सप्तकात १०० कंपनांचा स्वर तीव्र मध्यम आणि पंचम यांच्या अधेमधे पडतो. म्हणजे कोणत्याच रागात न बसणारा स्वर रात्रभर तंबोऱ्यासोबत वाजत राहतो! पण बेसूरपणाहून गंभीर गोष्ट अशी की, सदोष अर्थिंग असताना ओलसर जमिनीवर धातूचा माइक हाती धरणाऱ्याच्या जिवाला धोका असतो. शाळेच्या पटांगणात कार्यक्रम करताना मुख्याध्यापकांनी तीन पिनांची जोडणी आणि अर्थिंग जाणकार वायरमनकडून तपासून घेतल्याविना माइक मुलांच्या हाती देऊ नये.

ध्वनिप्रदूषण नियम, २००० अन्वये उघड्यावरील ध्वनिवर्धक रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत, विशेष सवलतीचे दिवस वगळता, बंद ठेवावे लागतात. पहाटेच्या भैरवीपर्यंत चालणाऱ्या बैठकींवर त्यामुळे मर्यादा आली. हाती असलेल्या दोन-तीन तासांतील अर्धा तास ‘हॅलो, हॅलो’ करण्यात घालविणे परवडणारे नाही. यंत्रणेची चाचणी दुपारीच घ्यावी आणि ती गाऊनच घ्यावी, मंद्र पंचमापासून तार षड्जापर्यंत. त्या वेळी सभागृह रिकामे असते आणि आवाज भिंतींवरून घुमतो. श्रोते भरले की त्यांची अंगे व कपडे बराच ध्वनी शोषून घेतात. म्हणून दुपारी थोडा अधिक घुमणारा आवाज तसाच राहू द्यावा, आणि पहिल्या ख्यालाची स्थायी संपेपर्यंत मिक्सरला कोणी हात लावू नये.