बाकी का उरत नाही?



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण आज मये येथे जमलो आहोत, त्यांनी मला पाढे शिकवले. पाढा म्हणजे समान अंतराने पुढे जाणाऱ्या संख्यांची ओळ, म्हणजेच अंकगणिती श्रेढी, हे मला फार उशिरा उमगले. अशा श्रेढीतील पदांच्या गुणाकारांविषयी आज चार शब्द बोलणार आहे.

भास्कराचार्यांच्या इ. स. ११५० मधील ‘लीलावती’त एक प्रश्न आहे. मधुर, अम्ल, लवण, कटू, तिक्त आणि कषाय या सहा रसांतून एक, दोन, तीन असे रस घेतल्यास किती मिश्रणे होतील? रीत अशी: सहापासून उतरते अंक मांडावेत, त्यांखाली एकपासून चढते, वरच्यांच्या गुणाकाराला खालच्यांच्या गुणाकाराने भागावे. एक रस, दोन रस, असे वाढवीत केवळ वरचे गुणाकार लिहिले तर त्रिकोण उभा राहतो:

१
२ २
३ ६ ६
४ १२ २४ २४
५ २० ६० १२० १२०
६ ३० १२० ३६० ७२० ७२०

आता स्तंभांना अनुक्रमे १, २, ६, २४, १२० आणि ७२० यांनी भागा. शेवटची ओळ ६, १५, २०, १५, ६, १ अशी होते, बेरीज ६३. प्रत्येक ओळीच्या आरंभी एक लिहिला आणि शिखरावर आणखी एक ठेवला की हाच मेरुप्रस्तार. दहाव्या शतकात हलायुधाने पिंगलाच्या छंदःसूत्रांवरील टीकेत तो समजावला आहे. पास्कालचा यावरील ग्रंथ छापला गेला १६६५ साली.

मी शिक्षक झाल्यावर एका मुलाने विचारले, “सर, दरवेळी भाग निःशेष कसा जातो? कधी बाकी उरली तर?” “पुस्तकात रीत दिली आहे, उरत नाही,” असे सांगून मी त्याला खाली बसवले. उत्तर मला येत नव्हते. त्याने माझ्या वर्गात पुन्हा प्रश्न विचारला नाही. ती बाकी माझ्या खात्यावर अजून आहे.

उत्तर सोपे होते. तीन रस एकामागून एक निवडायचे तर पहिला सहा प्रकारे, दुसरा पाच, तिसरा चार: एकूण १२०. परंतु गूळ, चिंच, मीठ म्हणा की मीठ, चिंच, गूळ म्हणा, मिश्रण तेच. प्रत्येक मिश्रण सहा वेळा मोजले गेले. म्हणून १२० चे सहा-सहाचे गट पडतात आणि एकही मोजणी गटाबाहेर राहत नाही. बाकी उरणार कोठून?

हा गुण प्रत्येक श्रेढीचा मात्र नव्हे. १, ३, ५ यांचा गुणाकार १५. त्याला सहाने भागल्यास तीन उरतात. अंतर एकाचे असले की लागोपाठच्या कोणत्याही तीन अंकांचा गुणाकार सहाने निःशेष भागला जातो. हा फरक मुलांनी स्वतः पडताळून पाहावा.

भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्यापनासाठी मठ स्थापल्याचे चाळीसगावजवळील पाटणच्या इ. स. १२०७ च्या शिलालेखात नमूद आहे. गुरूचे स्मरण करण्याची ती रीत मला थोर वाटते. येथील शिक्षकांना माझी एवढीच विनंती आहे: उद्या वर्गात सातवी ओळ मांडून घ्या. आणि एखाद्याने “का?” असे विचारले, तर त्याला खाली बसवू नका.