आजोबांचा कॅमेरा नक्की किती सालचा?

(पॉडकास्टच्या या भागाचं शब्दांकन)

आजचा विषय आहे जुना, रोलचा कॅमेरा. माळ्यावर नाहीतर ट्रंकेत, चामड्याच्या कव्हरात पडलेला. दिवाळीच्या साफसफाईत तो बाहेर येतो, आपण त्याचा फोटो स्टेटसला टाकतो आणि दोन प्रश्न उभे राहतात. हे मॉडेल कुठलं? आणि किती सालचं?

त्याआधी एक काम. मागचं झाकण पटकन उघडू नका! आत अर्धवट वापरलेला रोल असू शकतो, आणि झाकण उघडलं की उजेड लागून तो खराब होतो. जुन्या कॅमेऱ्यांना मागे छोटी लाल खिडकी असते. तिच्यात आकडा दिसत असेल तर रोल आत आहे. झाकण न उघडता फिल्म धुणाऱ्या माणसाकडे न्या. काय सांगावं, त्यात कोणाचा तरी फोटो असेल.

आता मॉडेल. हे त्यातल्या त्यात सोपं. नाव बहुधा समोरच लिहिलेलं असतं. आपल्या जालना जिल्ह्यात, खरं तर सगळ्या महाराष्ट्रातच, घरगुती कॅमेरा म्हटला की बऱ्याचदा निघतो आग्फा क्लिक-३. काळा, हलका, डब्यासारखा. कंपनी मूळची जर्मन, पण हा कॅमेरा आपल्याकडे बडोद्यात बनायचा. १२० नंबरचा रोल, चौकोनी बारा फोटो. स्टुडिओवाल्यांकडे दोन भिंगं एकावर एक असलेला, वरून खाली वाकून बघायचा कॅमेरा असायचा. त्यावर याशिका मॅट १२४-जी लिहिलं असेल तर तो १९७० किंवा नंतरचा, कारण ते मॉडेल आलंच १९७० मध्ये.

खरी गंमत वयाची आहे. काही कॅमेरे स्वतःच वय सांगतात. रशियन झेनिट असेल तर सिरियल नंबरचे पहिले दोन आकडे बघा. ७८ असेल तर बहुतेक वेळा १९७८. अमेरिकेत बनलेल्या जुन्या कोडॅकच्या भिंगावर नंबराआधी दोन इंग्रजी अक्षरं असतात. त्यांचा कोड म्हणजे ‘कॅमेरॉसिटी’ हा दहा अक्षरी शब्द. इंग्रजी स्पेलिंगमधलं सी म्हणजे १, ए म्हणजे २, असं करत शेवटचं वाय म्हणजे शून्य. ई-एस असेल तर ई चौथं, एस सातवं. म्हणजे १९४७!

पण क्लिक-३ सारख्या साध्या डब्यांना असा नंबर बहुतेक नसतोच. मग काय करायचं? साक्षीदार शोधायचे.

इथे एकच नियम लक्षात ठेवा. नवी गोष्ट जुन्या काळात असू शकत नाही, पण जुनी गोष्ट नव्या काळात खुशाल टिकते. म्हणून ‘याच्या आधीचा नाही’ हे आपण ठामपणे सांगू शकतो. ‘याच्या नंतरचा नाही’ म्हणताना मात्र जपून.

उदाहरणं घ्या. कव्हरवर किंवा माहितीपत्रकावर ‘आग्फा-गेव्हर्ट’ असं जोडनाव आहे? या दोन कंपन्या १९६४ मध्ये एक झाल्या, म्हणजे तो कागद त्याआधीचा नाही. रोलच्या जागेत सोनेरी-चंदेरी टाचण्यांसारखे संपर्क आहेत? रोलचा वेग आपोआप ओळखायची ती सोय १९८३ ला आली. ‘मेड इन यूएसएसआर’ लिहिलंय? हा देश १९९१ मध्येच संपला.

आता आपल्या जिल्ह्याचा खास साक्षीदार. फोटोच्या मागचा किंवा पाकिटावरचा स्टुडिओचा शिक्का! जालना जिल्हा झाला १ मे १९८१ ला. त्याआधी जालना, अंबड, भोकरदन, जाफराबाद हे औरंगाबाद जिल्ह्यात होते आणि परतूर परभणीत. म्हणजे शिक्क्यावर ‘जि. जालना’ असेल तर तो शिक्का १९८१ च्या आधीचा नाही. पिनकोड असेल तर १५ ऑगस्ट १९७२ च्या आधीचा नाही, कारण पिनकोड त्या दिवशी सुरू झाला. उलटं मात्र धरून चालू नका. ‘जि. औरंगाबाद’ लिहिलेला रबरी शिक्का दुकानदार जिल्हा बदलला म्हणून दुसऱ्या दिवशी फेकत नाही. झिजेपर्यंत मारतो.

हे सगळं कशासाठी, ते आमच्या घरचंच सांगते. भोकरदन तालुक्यातलं आमचं गाव. आजोबांचा क्लिक-३ आणि त्यासोबत निगेटिव्हचं एक पाकीट. त्यातल्या एका फोटोत आजीच्या मांडीवर सहा-सात महिन्यांचं बाळ आहे. सगळे म्हणायचे, ही थोरली आत्या. तिचा जन्म १९६३ चा. तिच्या मागची एक आत्या होती, १९६९ ची. वर्षाची व्हायच्या आत तापाने गेली. तिचा एकही फोटो नाही, असंच आम्ही लहानपणापासून ऐकलेलं.

कॅमेऱ्यावरून काहीच ठरेना. पाकिटावर ‘जि. औरंगाबाद’, तेही दोघींना लागू. मग मी निगेटिव्ह खिडकीशी उजेडात धरली आणि फोनच्या कॅमेऱ्याने मोठी करून पाहिली. कडेला बारीक इंग्रजी अक्षरं होती : इंदू. हा आपला सरकारी रोल, उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सचा. आणि त्या कारखान्याचं उत्पादन सुरू झालं १९६७ मध्ये. तेव्हा थोरली आत्या चार वर्षांची, अंगणात पळणारी. मांडीवरचं बाळ ती असूच शकत नाही.

मी आजीला सांगितलं. ती म्हणाली, “मला म्हाईत व्हतं गं. पन थोरलीनं तो फोटो आपला म्हणून भिंतीला लावला, मग कशाला बोलायचं?” थोरल्या आत्याला कळलं तेव्हा तिने फोटो काढला नाही. खाली धाकटीचं नाव लिहून घेतलं.

म्हणून मंडळी, कॅमेऱ्याची किंमत नेटवर शोधायच्या आधी त्याच्यासोबतचे कागद सांभाळा. पाकीट, बिल, रोलचं वेष्टन, निगेटिव्हच्या कडा. निगेटिव्ह हाताळताना कडेनेच धरा, बोटांचे ठसे उठतात. मागच्या शिक्क्याचाही फोटो काढून ठेवा. आणि घरात कोणी सत्तरीच्या पुढचं असेल तर आजच शेजारी बसून, फोनचं रेकॉर्डिंग चालू करून विचारा, “हे कोण?” शिक्का साल सांगतो. नाव माणूसच सांगतो.

तुमच्या कॅमेऱ्यावर, पाकिटावर काय सापडलं ते आम्हाला नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत, झाकण उघडू नका!