भाकरीचा चंद्र
(वार्षिक संमेलनातील भाषण)



दादासाहेब फाळके म्हटले की आपल्याला १९१३ सालचा ‘राजा हरिश्चंद्र’ आठवतो. पण त्याआधी त्यांनी वाटाण्याच्या रोपाची थोड्या थोड्या वेळाने चित्रे टिपून अंकुराचा वेल होताना पडद्यावर दाखविला होता. पुढे ‘आगकाड्यांची मौज’मध्ये साध्या काड्या नाचविल्या. रोप आणि काड्या! हे सामान पोशीरच्या कोणत्या घरात नाही? कॅमेराही आता मोबाईलच्या रूपाने घरोघर आला आहे.

फसगत होते कशी? आपल्या दोन डोळ्यांना किंचित वेगळी चित्रे दिसतात, त्यांवरून मेंदू अंतर ताडतो. कॅमेऱ्याला डोळा एकच. काडेपेटी भिंगापासून हातभर आणि हंडा दहा पावलांवर ठेवा. पेटीच्या वरच्या कडेला हंड्याचा तळ नेमका जुळला, की हंडा पेटीवर बसतो! वस्तूचा आकार आपण तिच्या अंतराच्या अंदाजावरून ठरवितो, हे अकराव्या शतकात इब्न अल हैसम यांनी ‘किताब अल मनाझिर’मध्ये लिहून ठेवले आहे.

माझी आवड मात्र नाचणीच्या भाकरीची. खोलीत अंधार करावा, खिडकी बोटभर उघडी ठेवावी. काळ्या कापडावर भाकरी ठेवून उजेड तिच्या वरच्या कडेने तिरपा घ्यावा. फोडांच्या सावल्या लांबतात आणि हुबेहूब चंद्र दिसतो. उजेड समोरून घेतला की पुन्हा भाकरीच. चित्र उलटे धरले तर पुष्कळदा फोडांचे खड्डे होतात. कारण उजेड वरूनच येतो असे मेंदू गृहीत धरतो. (भाकरी नंतर खाता येते, म्हणून आईने रागावू नये.)

हा केवळ पोरखेळ नव्हे. मोबाईलवर कुठले तरी चित्र येते आणि त्यावरून वर्षानुवर्षांचे शेजारी एकमेकांशी बोलेनासे होतात. ज्या मुलीने स्वतः भाकरीचा चंद्र केला आहे ती निदान विचारील, उजेड कोठून आला? सगळ्या सावल्या एकाच बाजूला का नाहीत? चौकटीबाहेर काय होते?

तेव्हा पालकांनी रविवारी तासभर मोबाईल मुलांच्या हाती द्यावा. मुलांनी प्रत्येक वस्तूची दोन चित्रे आणावीत: एक फसविणारे, दुसरे बाजूने काढलेले, ज्यात सारी मांडणी उघडी पडेल. दुसरे नसेल तर पहिले भिंतीवर लागणार नाही.