परसातील अंजीर

क्वचित दिसणाऱ्या माणसाला आपण 'उंबराचे फूल' म्हणतो. वास्तविक उंबराला फुले येतातच. ती फळाच्या पोटात दडलेली असतात, एवढेच. अंजीर हा याच उंबराचा, वडापिंपळाचा भाऊबंद होय. आपल्याकडे लागवडीत असलेल्या अंजिराला फळ धरण्यासाठी परागीभवनाची गरज नसते. म्हणून परसात एकटे झाड असले तरी ते फळते.

आसिफाबादहून राजुऱ्याकडे जाताना वांकिडी लागते. २०१६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात असलेल्या या गावी हिवाळ्यात थंडी चांगलीच बोचते. तेथील गृहस्थाने अंजीर लावावे काय? अवश्य लावावे. पाने झडून विसावलेले अंजिराचे जून झाड शून्याखालील काही अंशांची थंडीही सोसते. हिमप्रदेशात लोक त्याला गवताने गुंडाळतात, किंवा कुंडीत वाढवून आडोशाला नेतात. वांकिडीला एवढ्या खटाटोपाचे कारण नाही. तेथे खरा शत्रू थंडी नव्हे, तर पाऊस. पुरंदरच्या अंजिराला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. त्या यशात तेथील कोरड्या हवेचा आणि निचऱ्याच्या जमिनीचा वाटा मोठा आहे. काळ्या मातीत पाणी तुंबले की मुळे कुजतात, आणि दमट हवेत पानांवर तांबेरा पडतो.

यास्तव जागा उन्हाची आणि उंचवट्याची निवडावी. दोन फूट खोल खड्डा मुरूममिश्रित माती व कुजलेले शेणखत घालून भरावा. हिवाळा सरताना गतवर्षीच्या पक्व फांदीचे वीतभर लांबीचे, चारपाच डोळ्यांचे छाट घ्यावेत. ते पिशवीत रुजवून पावसाळ्याच्या आरंभी लावावेत. तांबेऱ्याची पाने वेचून जाळावीत. मोठ्या झाडाची छाटणी पावसाळा संपताच करावी, म्हणजे नव्या फुटीवरील फळे कोरड्या उन्हाळ्यात पिकतात. छाटताना चीक अंगावर पडू देऊ नये. त्याने कातडीची आग होते. फळे वाढत असता पाणी बेताचे पण नियमित द्यावे, नाहीतर ती तडकतात. तोडल्यावर अंजिराला खरी गोडी चढत नाही. म्हणून देठाशी मान टाकलेले मऊ फळच तोडावे.

या साऱ्यापेक्षा महत्त्वाची गोष्ट धीराची. पहिल्या हिवाळ्यात कोवळे झाड पाने टाकून नुसत्या काड्यांसारखे उभे राहते, आणि पाहणाऱ्याला ते मेलेले वाटते. तेव्हा सालीवर नखाने हलकेच ओरखडा काढावा. आत हिरवे दिसले तर झाड जिवंत आहे. वरचे खोड वाळले तरी बुंध्यातून पुन्हा धुमारे फुटू शकतात. उन्हाळा लागेपर्यंत वाट न पाहता ते उपटले, तर दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी मुलांच्या हाती पडावयाची फळे त्याच दिवशी चुलीत जातात.