धुराला वाट

कोलकात्याच्या हवेत लाकडाची बुखारी, म्हणजे खोली ऊबदार ठेवणारी धुराड्याची चूल, कुणाला लागत नाही. पण तिथल्या फोर्ट विल्यममध्ये, म्हणजे आताच्या विजय दुर्गात, लष्कराच्या पूर्व कमांडचं मुख्यालय आहे. सिक्कीम-अरुणाचलातल्या चौक्या त्याच्याच अखत्यारीत येतात आणि तिथली हिवाळ्यातली रात्र बुखारीवाचून निघत नाही. सिक्कीममधली नथू ला खिंड १४ हजार फुटांवर आहे. हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे ६० टक्के. माणूस आणि आग, दोघांनाही तिथे हवा तोकडी. सातारा-कोल्हापूरकडची पोरं तिकडे पहाऱ्यावर असतात, म्हणून हा विषय मला जवळचा वाटतो.

आग पेटवायची म्हणजे आधी हवेला आत यायची आणि धुराला बाहेर जायची वाट करून द्यायची. आपल्या तांब्याच्या बंबाला ही वाट होती. जाळी राखेनं बुजली की तो धुमसू लागे. बुखारीतही आधी राख काढावी, खालची झडप उघडावी. धुराडं गार असेल तर त्यातली थंड हवा बुचासारखी बसते आणि धूर खोलीत लोटते. कागदाचा पेटता बोळा धुराड्याच्या तोंडाशी धरून नळी तापवून घ्यावी. मग काटक्या, मग ढलप्या, ओंडका सर्वांत शेवटी. पेटत नाही म्हणून निखाऱ्यावर रॉकेल कधीही ओतू नये. त्याची वाफ होते आणि भडका तोंडावर येतो.

नुकत्याच तोडलेल्या लाकडाचं जवळजवळ निम्मं वजन पाण्याचं असतं. धग ते पाणी उकळण्यातच जाते आणि धुराड्यात डांबरी काजळी साचते. एखाद्या रात्री ती काजळीच पेट घेते. लाकूड फोडून, वारा लागेल असं रचून वाळवावं. वाळलेले दोन तुकडे एकमेकांवर आपटले की खणखणतात.

खरा घात निजताना होतो. धग टिकावी म्हणून झडप पुरती लावतात, दाराच्या फटी बुजवतात. हवा न मिळालेले निखारे कार्बन मोनॉक्साइड सोडतात. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेपटीहून अधिक घट्ट धरतो. डोकं दुखतं, मळमळतं, गुंगी येते. उंचीवर माणूस याचा दोष विरळ हवेला देतो आणि पांघरूण ओढून घेतो. मला सर्वांत भीती वाटते ती या गैरसमजाची.

आणि हे केवळ सीमेवरचं नाही. बाळंतिणीच्या बाजेखाली आपण कोळशाची शेगडी ठेवतो, दारं-खिडक्या लावून. शेगडीला तर धुराडंच नसतं! शेक द्यायचाच तर खिडकी उघडी हवी, जागं माणूस शेजारी हवं आणि झोपण्याआधी शेगडी अंगणात जायला हवी. राखही झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात, घराबाहेर. तिच्यात निखारा कित्येक दिवस जिवंत राहतो.

खोलीत कुणी गुंगीत दिसलं तर शेगडी विझवत बसू नका. आधी माणसाला उघड्यावर आणा, बाहेर बर्फ पडत असला तरी, आणि ताबडतोब डॉक्टरांना बोलवा.