दोन संग्रहालये आणि एक दुपार

ऐतिहासिक शहर पाहावयास निघालेल्या प्रवाशापाशी उत्साह भरपूर असतो, वेळ मात्र थोडा असतो. सकाळी किल्ला पाहून होतो, रात्रीची गाडी गाठावयाची असते, आणि मधल्या दुपारी एकच संग्रहालय नीट पाहता येते. अशा वेळी कोणते निवडावे, हा प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही. त्या शहराचा इतिहास कोणाच्या तोंडून ऐकावयाचा, हेच त्या निवडीने ठरत असते.

ग्वाल्हेरचे उदाहरण घ्यावे. १८१० च्या सुमारास दौलतराव शिंदे यांचा तळ येथे पडला आणि त्या छावणीचेच पुढे ‘लष्कर’ नावाचे शहर झाले. तेथील जयविलास राजवाडा १८७४ मध्ये पूर्ण झाला. १९६४ पासून त्याच्या एका भागात जिवाजीराव शिंदे यांच्या नावाचे संग्रहालय आहे. दरबार दालनातील दोन अवजड झुंबरे आणि मेजवानीच्या मेजावरून फिरणारी चांदीची आगगाडी पाहून लहानथोर सारेच थक्क होतात. झुंबरे टांगण्यापूर्वी छताची ताकद अजमावण्यासाठी त्यावर हत्ती चढविले होते, अशी आख्यायिकाही सांगितली जाते. २०२२ मध्ये येथे मराठ्यांच्या इतिहासाचे स्वतंत्र दालन उघडले. मराठी प्रवाशाची पावले आपोआप इकडे वळतात, आणि त्यात गैर काही नाही. परंतु राजवाडा सांगतो ती मुख्यतः एका राजघराण्याची कथा. ‘आपला येथील इतिहास शिंद्यांपासून सुरू झाला,’ अशी समजूत घेऊन प्रवासी परततो.

ही समजूत किती अपुरी आहे, ते किल्ल्याच्या पायथ्याशी असलेल्या गुजरी महालात कळते. राजा मानसिंह तोमर याने आपल्या गुजर राणीसाठी, मृगनयनीसाठी, हा महाल बांधला. १९२२ मध्ये येथील पुराणवस्तुसंग्रहालय लोकांसाठी खुले झाले. ते उभारणारे मो. ब. गर्दे हे ग्वाल्हेर संस्थानच्या पुराणवस्तू खात्याचे प्रमुख होते. ग्यारसपूरची जगप्रसिद्ध शालभंजिका येथेच आहे. बाघ येथील लेण्यांतील भित्तिचित्रांच्या प्रतिकृती येथे आहेत. मूळ चित्रे काळाच्या ओघात फिकी पडत गेल्यामुळे या प्रतिकृतींचे मोल अधिकच वाढले आहे.

येथेच पवाया गावी सापडलेली शिल्पे आहेत. त्यांतील एका शिलापट्टावर नर्तकी आणि तिच्याभोवती वाद्ये वाजविणाऱ्या स्त्रिया कोरल्या आहेत. पवाया म्हणजे प्राचीन पद्मावती नगरी. आठव्या शतकातील भवभूतीने आपल्या ‘मालतीमाधव’ नाटकाचे कथानक याच नगरीत घडविले. भवभूती मूळचा विदर्भातील, आणि त्याचा नायक माधवही विदर्भातून पद्मावतीस विद्याध्ययनासाठी आलेला. म्हणजे तलवार घेऊन मराठे उत्तरेत येण्यापूर्वी सुमारे हजार वर्षे, पोथी घेऊन या भूमीत येणारा वैदर्भीय तरुण कवीच्या कल्पनेला सहज सुचला होता! त्या नगरीचे अवशेष विसाव्या शतकात उत्खनन करून गर्दे यांच्यासारख्या मराठी संशोधकाने उजेडात आणावेत, हाही एक सुंदर योग होय.

म्हणून हाती दिवसभराचा अवधी असेल, तर आधी गुजरी महाल, मग किल्ला आणि शेवटी राजवाडा, हा क्रम चांगला. इतिहासाचा क्रमही तोच आहे. एकच दुपार असेल, तर गुजरी महालास पहिला मान द्यावा. सुटीचे वार मात्र आधी विचारून ठेवावेत.

दुसऱ्या कोणत्याही शहरी हीच कसोटी उपयोगी पडेल. येथील वस्तू कोठून आल्या, कोणी जमविल्या आणि कशासाठी, हे तीन प्रश्न दाराशीच मनाला विचारावेत. वैभव पाहिल्याने डोळे दिपतात, पण भग्न शिळेपुढे घटकाभर उभे राहिल्याने दृष्टी लांबवर पोहोचते. आपल्या पूर्वजांचे नाव जेथे मोठ्या अक्षरांत लिहिले आहे, तेवढेच पाहून परतणारा प्रवासी त्यांच्या इतिहासाचा निम्मा भाग मागे ठेवून येतो.