चिक्कीचा दाणा आणि केसाएवढा पाट

श्रोतेहो, लोणावळ्याला उतरले की चिक्कीची एक पुडी पिशवीत पडतेच. तिच्यातला शेंगदाणा भाजून का घालतात बरे? चवीसाठी, असे तुम्ही म्हणाल. ते खरेच, पण भाजण्याचा आणखीही एक गुण आहे.

दाण्यात प्रथिने असतात. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांच्या मण्यांची लांबलचक माळ. ती तुटल्याशिवाय अंगी लागत नाही. जठरात पेप्सिन तिचे मोठे तुकडे करते. पुढे लहान आतड्यात ट्रिप्सिन आणि त्याचे सोबती ते आणखी बारीक करतात. ट्रिप्सिन मोठे नेमके! लायसीन आणि आर्जिनीन या दोन मण्यांपाशीच ते माळ तोडते. पण कच्च्या दाण्यात, हरभऱ्यात, सोयाबीनमध्ये त्याचा हात धरणारी द्रव्ये असतात. भाजल्या-शिजवल्याने त्यांचा जोर पुष्कळ ओसरतो.

हे तुटणे मोजायचे कसे? प्रयोगशाळेत प्रथिन आणि ट्रिप्सिन एकत्र करून नळी रात्रभर उबेत ठेवतात. आता याच कामासाठी सूक्ष्मप्रवाही चिप आली आहे. मावळात एका खाचरातून दुसऱ्या खाचरात पाणी नेतो ना आपण, तसेच पाट. पण केसाएवढे बारीक, काचेच्या किंवा सिलिकोन रबराच्या चकतीत कोरलेले. पाटाच्या कडेला ट्रिप्सिन चिकटवायचे आणि प्रथिनाचे पाणी हळूहळू सोडायचे. अंतर १० पट घटले की रेणूला पसरत तिथवर जायला १०० पट कमी वेळ लागतो. म्हणून रात्रीचे काम काही मिनिटांत होते, नमुनाही थेंबभर पुरतो. अर्थात चिप म्हणजे काही माणसाचे पोट नव्हे. पण कोणते प्रथिन लवकर तुटते, कोणते अडून बसते, हे ती दाखवते.

हा अभ्यास आपल्याला परका नाही. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील माला राव, अपर्णा टंकसाळे, मोहिनी घाटगे आणि वसंती देशपांडे यांनी १९९८ साली सूक्ष्मजीवांपासून मिळणाऱ्या, प्रथिने तोडणाऱ्या एंझाइमांचा सविस्तर आढावा प्रसिद्ध केला.

आणि घरातही पाहा. मटण मऊ व्हावे म्हणून आपण कच्च्या पपईची फोड लावतो; तिथेही माळच तुटत असते.

गुरुजी, मुलाच्या ताटात उसळ किती पडली, हे आपण पाहतो. त्यातले पचले किती, हा खरा हिशेब. तेव्हा कडधान्य भिजवा, नीट शिजवा, दाणे भाजून द्या. ताट तेच राहील. अंगी मात्र अधिक लागेल.